व्हिसा नको, कागद हवेत : फिजीच्या व्हिसामुक्त प्रवेशाचे परीक्षण

भारतीय पासपोर्टवर फिजीला अल्प मुदतीसाठी जायचे असेल तर आधी व्हिसा काढावा लागत नाही. तिथे उतरल्यावर पासपोर्टवर शिक्का मारून चार महिन्यांपर्यंतचा व्हिजिटर परमिट दिला जातो आणि त्याचे वेगळे शुल्क घेतले जात नाही. मी, पत्नी आणि ७४ वर्षांची आई असे तिघे बारा दिवसांसाठी जाऊन आलो. हॉटेल, बोटी आणि जेवणखाण यांविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत, म्हणून मी या प्रवेशव्यवस्थेचेच परीक्षण करणार आहे. पाचपैकी साडेचार गुण मी तिला देतो. उरलेला अर्धा गुण का कापला, आणि त्यातला फारच थोडा दोष फिजीचा का आहे, हे पुढे येईलच.

‘व्हिसामुक्त’ या शब्दाने आपल्याकडे एक गैरसमज रूढ केला आहे. पासपोर्ट खिशात टाकला, तिकीट काढले की झाले, असे अनेकांना वाटते. वास्तविक व्हिसा माफ झाला म्हणजे अर्ज माफ झाला. अटी तशाच राहिल्या. दूतावासातील अधिकारी चार आठवडे आधी जे तपासतो, ते इथे विमानतळावर चार मिनिटांत तपासले जाते, आणि काही कमी पडले तर दुरुस्तीला वेळ उरत नाही. त्यामुळे व्हिसा लागणाऱ्या देशासाठी आपण जी फाइल तयार करतो, तीच, थोडी बारीक करून, इथेही तयार ठेवावी असे माझे स्पष्ट मत आहे.

अटी मोजक्या आहेत, पण त्यांतील शब्द नीट वाचावे लागतात. पासपोर्ट सहा महिने वैध हवा, हे सर्वांना ठाऊक असते. मात्र हे सहा महिने फिजीतील आपला नियोजित मुक्काम संपल्यानंतरचे असतात, पोहोचण्याच्या दिवसापासूनचे नव्हेत. समजा, १० मार्चला पोहोचून २२ मार्चला निघायचे असेल, तर पासपोर्ट २२ सप्टेंबरपर्यंत तरी चालू असला पाहिजे. आईच्या पासपोर्टच्या बाबतीत हा हिशेब अवघ्या नऊ दिवसांनी चुकत होता. पत्नीने तो वेळेत लक्षात आणून दिला, म्हणून नूतनीकरण करून घेता आले. नऊ दिवसांकडे कोण पाहणार, असा माझा युक्तिवाद होता. आता तो आठवला की माझेच मला हसू येते.

दुसरी अट परतीच्या किंवा पुढच्या तिकिटाची. येथे ‘पुढचे’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण ज्या देशाचे तिकीट दाखवायचे, त्या देशात प्रवेश मिळण्याची तयारीही हातात असावी लागते. फिजीचा मुख्य विमानतळ ज्या गावी आहे त्या नाडीहून ऑकलंडचे स्वस्त तिकीट काढले, पण न्यूझीलंडचा व्हिसा नाही, तर त्या तिकिटाला काही अर्थ राहत नाही. भारतात परतण्याचे संपूर्ण तिकीट एकाच आरक्षणात असणे हे सर्वांत सोपे. याखेरीज राहण्याच्या जागेचा तपशील आणि मुक्कामापुरते पैसे असल्याचा पुरावा मागितला जाऊ शकतो. ‘पुरेसे पैसे’ हा शब्दप्रयोग मोघम आहे. आम्ही तीन महिन्यांचे बँक विवरण, दोन कार्डे आणि थोडे ऑस्ट्रेलियन डॉलर जवळ ठेवले होते. फिजी डॉलर भारतात सहज मिळत नाहीत, ते तिथेच घ्यावे लागतात. हॉटेलचे आरक्षण पूर्ण बारा दिवसांचे नसले तरी पहिल्या मुक्कामाचा पत्ता नक्की हवा, कारण आगमनपत्रिकेवर तो लिहावा लागतो.

कोविडच्या काळातील सूचना अजूनही लोक एकमेकांना पाठवत असतात. फिजीने १ डिसेंबर २०२१ रोजी पर्यटकांसाठी दारे पुन्हा उघडली, तेव्हा लसीकरण, चाचणी आणि विमा यांच्या अटी होत्या. त्या आता उरलेल्या नाहीत. विम्याची सक्ती नसली तरी तो आम्ही घेतला होता, कारण गंभीर आजारात रुग्णाला ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडला हलवावे लागले तर त्याचा खर्च सामान्य कुटुंबाला झेपणारा नसतो. पीतज्वराच्या लशीचा प्रश्न त्या रोगाच्या प्रदेशातून येणाऱ्यांनाच पडतो. थेट भारतातून जाणाऱ्याला नाही.

आता खऱ्या अडचणीकडे येतो. भारतातून फिजीला थेट विमान नाही, वाटेत कुठेतरी विमान बदलावेच लागते, आणि तुमचा प्रवास खरोखर व्हिसामुक्त राहतो की नाही, हे फिजी ठरवत नसून ते मधले ठिकाण ठरवते. नकाशावर पाहिले तर सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन किंवा ऑकलंडमार्गे जाणे सोयीचे वाटते, विमानेही भरपूर आहेत. पण ऑस्ट्रेलियातील विमानतळावर केवळ विमान बदलण्यासाठीसुद्धा भारतीय पासपोर्टधारकाला ट्रान्झिट व्हिसा घ्यावा लागतो. उपवर्ग ७७१ या नावाचा हा व्हिसा ७२ तासांपर्यंतच्या थांब्यासाठी असतो आणि तो निःशुल्क मिळतो. मात्र ऑनलाइन अर्ज, कागदपत्रे आणि वाट पाहणे हे सारे त्याच्यासोबत येते. न्यूझीलंडमार्गे जातानाही ट्रान्झिट व्हिसा लागतो. अमेरिकेच्या बाजूने, म्हणजे लॉस एंजेलिस किंवा सॅन फ्रान्सिस्कोहून, फिजीला विमाने आहेत, परंतु त्या देशात विमानतळाच्या आत राहून विमान बदलण्याची सोय नाही. तिथे रीतसर अमेरिकी व्हिसाच हवा. व्हिसा लागत नाही म्हणून निवडलेल्या देशासाठी वाटेतल्या देशाचा व्हिसा काढत बसणे, हा विनोद अनेकांच्या वाट्याला येतो.

म्हणून आम्ही सिंगापूरचा मार्ग निवडला. सिंगापूर ते नाडी असे थेट विमान फिजी एअरवेज चालवते आणि त्याला सुमारे दहा तास लागतात. हाँगकाँगहूनही त्यांचे विमान आहे. सिंगापूरमध्ये प्रवेश करायचा तर भारतीयांना व्हिसा लागतो, पण ट्रान्झिट क्षेत्राबाहेर पाऊल न टाकता विमान बदलल्यास तो लागत नाही. हाँगकाँगला भारतीयांसाठी जानेवारी २०१७ पासून आगाऊ नोंदणीची पद्धत आहे, परंतु तीही शहरात प्रवेश करणाऱ्यांसाठी. विमानतळाच्या आतूनच पुढे जाणाऱ्यांना तिची गरज नाही.

या सवलतीत एक फट आहे आणि तिच्यात बरेच जण अडकतात. मुंबई ते सिंगापूर एका कंपनीचे तिकीट आणि सिंगापूर ते नाडी दुसऱ्या कंपनीचे, वेगळ्या आरक्षणातले, असे स्वस्तात मिळते म्हणून घेतले, आणि दोन्ही कंपन्यांत सामान पुढे पाठवण्याची व्यवस्था नसली, तर बॅगा पट्ट्यावरून उचलून पुन्हा जमा कराव्या लागतात. बॅगांचा पट्टा इमिग्रेशनच्या पलीकडे असतो. म्हणजे बॅग घ्यायची तर देशात प्रवेश, आणि प्रवेश म्हटला की व्हिसा. चार-पाच हजार रुपये वाचवण्याच्या नादात अख्खा प्रवास मुंबईतच थांबू शकतो. दोन्ही टप्पे एकाच आरक्षणात घ्यावेत, आणि बॅगेच्या चिठ्ठीवर अंतिम ठिकाण म्हणून नाडीची ‘एनएएन’ ही तीन अक्षरे छापली आहेत की नाहीत, हे काउंटर सोडण्यापूर्वी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे.

मी कापलेला अर्धा गुण इथला आहे. फिजीचे नियम फिजीपुरते स्पष्ट आहेत. पण भारतातून येणाऱ्या प्रत्येकाला जो प्रश्न पडणार हे ठरलेलेच आहे, त्याचे उत्तर ‘व्हिसाची गरज नाही’ या एका ओळीत सापडत नाही. भारतीय प्रवाशांनी कोणत्या मार्गाने यावे याविषयी दोन वाक्ये त्याच ओळीखाली असती, तर कित्येकांचा पैसा आणि मनस्ताप वाचला असता. देशाच्या दारापर्यंतची वाट दाखवणे हे घरमालकाचे काम नाही, असे कुणी म्हणेल, आणि ते एका अर्थी बरोबरही आहे. तरी पाहुणा हवा असेल तर फाट्यावर पाटी लावलेली बरी.

मुंबईच्या चेक-इन काउंटरवर आमची खरी परीक्षा झाली. तिथल्या तरुण कर्मचाऱ्याने फिजीचा प्रवासी बहुधा पहिल्यांदाच पाहिला असावा. त्याने व्हिसाची प्रत मागितली. ती नाही आणि लागतही नाही, असे सांगताच त्याचा चेहरा गंभीर झाला. यात त्याची चूक फार नाही. प्रवाशाला दारातून परत पाठवले गेले, तर त्याला परत आणण्याची जबाबदारी विमान कंपनीवर पडते, शिवाय अनेक देश कंपनीला दंडही करतात. त्यामुळे काउंटरवरचा माणूस इमिग्रेशन अधिकाऱ्याहूनही कडक असतो. विमान कंपन्या प्रवेशाचे नियम ‘टायमॅटिक’ नावाच्या माहितीसंचात पाहतात आणि त्यात जे लिहिलेले असेल तेच काउंटरवर प्रमाण मानले जाते. तुमच्या मोबाइलवरील लेखाला तिथे किंमत नसते. वरिष्ठ आले, त्यांनी तो संच उघडला, परतीचे तिकीट, हॉटेलचे आरक्षण आणि तिघांच्या पासपोर्टच्या तारखा जुळवल्या, आणि पाऊण तासाने बोर्डिंग पास हाती पडले. वाद घालण्याऐवजी ‘कृपया टायमॅटिकमध्ये पाहा’ एवढेच शांतपणे म्हणावे, आणि कागद छापील स्वरूपात पुढे करावेत. काउंटर उघडताच रांगेत असण्याचा फायदा इथे कळतो. आम्ही तासभर उशिरा पोहोचलो असतो तर तो पाऊण तास कुठून आणला असता कोण जाणे.

याच प्रकरणात एक कटू गोष्ट सांगायला हवी. प्रवासाची चौकशी करताना एका एजंटने आम्हाला तिघांसाठी ‘व्हिसा सहाय्य शुल्क’ म्हणून मोठी रक्कम सांगितली होती. कशाचे सहाय्य, असे विचारल्यावर ‘ऑन-अरायव्हलची प्रक्रिया आमच्याकडून होते’ असे उत्तर मिळाले. अशी कोणतीही प्रक्रिया भारतात बसून होत नाही. पर्यटक म्हणून जाणाऱ्या भारतीयाने फिजीच्या प्रवेशासाठी कोणालाही, कोणत्याही नावाखाली, पैसे देण्याचे कारण नाही. देश सोडताना द्यावा लागणारा करसुद्धा विमानाच्या तिकिटात आधीच धरलेला असतो, त्यासाठी विमानतळावर वेगळी पावती फाडावी लागत नाही.

फिजी आपल्याहून साडेसहा तास पुढे आहे. रात्रभराच्या प्रवासानंतर विमान उतरले तेव्हा आमच्या शरीराला मध्यरात्र वाटत होती आणि बाहेर सकाळ झालेली होती. ‘नाडी’ असे आपण लिहितो, पण फिजीयन भाषेत ‘ड’पूर्वी अनुनासिक येतो आणि तिथले लोक गावाचे नाव ‘नांदी’ असेच उच्चारतात. आईला हे फारच आवडले. नाटकाआधी नांदी व्हायचीच, असे ती म्हणाली. आगमनाच्या दालनात फुलाफुलांचे शर्ट घातलेले वादक गिटार वाजवून ‘बुला’ म्हणत स्वागत करतात, हे अनेकांनी लिहिले आहे आणि ते खरे आहे. रांगेत ताटकळणाऱ्या माणसाला त्याने बरे वाटते, एवढे मीही मान्य करतो.

विमानात दिलेली आगमनपत्रिका आम्ही तिथेच भरून ठेवली होती. पेन जवळ ठेवावे. विमानात ते कुणाकडेच नसते आणि मग एकच पेन पाच रांगा फिरत राहते. आमच्या खिडकीवरील अधिकारी भारतीय वंशाच्या बाई होत्या. माझ्याशी त्या इंग्रजीत बोलल्या, पण आईकडे वळताच भोजपुरी-अवधी वळणाच्या फिजी हिंदीत त्यांनी किती दिवस राहणार, कुठे उतरणार आणि सोबत कोण आहे, एवढे विचारले. आईचे हिंदी मुंबईचे. दोघींना एकमेकींचे सारे समजले. परतीचे तिकीट पाहिले, हॉटेलचा पत्ता पत्रिकेवर ताडून घेतला, पैशांविषयी काही विचारले नाही. तिघांचे मिळून सहा-सात मिनिटांत झाले. या टप्प्याला मी पूर्ण गुण देतो.

त्या बाईंच्या पूर्वजांचा प्रवेश मात्र इतका सोपा नव्हता, हा विचार त्या खिडकीपाशी माझ्या मनात आल्याशिवाय राहिला नाही. ऊसमळ्यांसाठी करारबद्ध मजुरांना घेऊन ‘लिओनिदास’ हे पहिले जहाज १८७९ मध्ये फिजीला पोहोचले, आणि १९१६ पर्यंत साठ हजारांहून अधिक माणसे अशी नेली गेली. ‘ॲग्रिमेंट’चा अपभ्रंश ‘गिरमिट’ आणि त्यावर सही-अंगठा करणारे गिरमिटिये. प्रत्येकाचा एक स्थलांतर-पास असे. त्यावर नाव, वडिलांचे नाव, जात, गाव, उंची आणि अंगावरची खूणसुद्धा नोंदलेली असे. आज त्याच पासच्या प्रती शोधून त्यांचे पणतू भारतातले मूळ गाव हुडकतात. एका कागदावर पाच वर्षांची मजुरी लिहिलेली होती आणि आमच्या कागदावर चार महिन्यांची सुट्टी. दोन्ही कागद एकाच समुद्रापार चालले होते.

इमिग्रेशननंतरचा जैवसुरक्षेचा टप्पा मराठी कुटुंबांना सर्वांत जड जाणारा आहे, कारण आपल्या बॅगा खाण्याच्या पदार्थांनी भरलेल्या असतात. ताजी फळे, भाज्या, बिया, रोपे, मांस, मध आणि दुग्धजन्य पदार्थ यांवर फिजीत कडक निर्बंध आहेत. पत्रिकेवर त्यासंबंधी प्रश्न असतात, आणि खाण्याचे काहीही जवळ असेल तर ‘होय’ यापुढेच खूण करावी. ‘होय’ म्हटल्याने शिक्षा होत नाही. अधिकारी बॅग पाहतो, चालणारे परत देतो, न चालणारे ठेवून घेतो. ‘नाही’ म्हणून खूण करायची आणि मग बॅगेत तुपाची बरणी सापडायची, हा प्रकार मात्र दंडापर्यंत जातो. आमच्याकडे भाजलेल्या पोह्यांचा चिवडा, थालीपिठाची भाजणी आणि मेतकूट कंपनीच्या बंद पाकिटांत होते, ते सगळे सुटले. आईच्या देवपूजेच्या डबीतील अख्ख्या सुपाऱ्या आणि तुळशीच्या मंजिऱ्या मात्र तिथेच राहिल्या. मंजिऱ्यांत बी असते, हे आम्हाला सुचलेच नव्हते. तळाला माती लागलेले बूटही घासून न्यावेत. त्यांचीही विचारणा होते.

हा कडकपणा अनाठायी नाही, हे मुद्दाम नोंदवतो. १९९३ मध्ये शेजारच्या सामोआत अळूच्या पानांवरचा करपा शिरला आणि ज्या पिकाच्या निर्यातीवर तो देश उभा होता, ती निर्यात पाहता पाहता बसली. बेटांवर अळूची कंदमुळे हे रोजचे मुख्य अन्न आहे, आपल्याकडच्या भातासारखे. फिजीतही लौटोका परिसरात बाहेरून आलेल्या वाळवीने घरेच्या घरे पोखरली आहेत. चिमूटभर बियांसाठी दहा मिनिटे घालवणाऱ्या अधिकाऱ्याकडे पाहताना हे लक्षात ठेवले तर चिडचिड होत नाही. वडीलधाऱ्यांची औषधे मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत. दहा हजार फिजी डॉलर किंवा तेवढ्या किमतीचे अन्य चलन जवळ असेल तर तेही घोषित करावे लागते, पण ही वेळ आपल्यापैकी फार थोड्यांवर येते.

परमिटच्या मर्यादांविषयी थोडक्यात. तो भटकंतीसाठी, नातलगांना भेटण्यासाठी आहे. त्यावर नोकरी करता येत नाही, शिक्षण घेता येत नाही. व्यवसायाच्या बैठकांसाठी येणाऱ्याला १४ दिवसांची मर्यादा असते, त्यापुढे वेगळा परवाना काढावा लागतो. चार महिने पुरले नाहीत तर मुदत संपण्यापूर्वी सुवा, नाडी किंवा लौटोका येथील इमिग्रेशन कार्यालयात शुल्क भरून मुदतवाढीचा अर्ज करता येतो. मुदत उलटून राहिल्यास पुढे कोणत्याही देशाच्या व्हिसा अर्जात ते उत्तर देताना जड जाईल. फिजीचा नागरिक मात्र भारतात असा थेट येऊ शकत नाही, त्याला ई-व्हिसा काढावा लागतो. या व्यवहारात आपण घेणाऱ्या बाजूला आहोत, याची जाणीव असलेली बरी.

बारा दिवसांनी परत निघताना इमिग्रेशनचे काम मिनिटाभरात उरकले. सल्ला एवढाच की आगमनाचा शिक्का मिळाल्याबरोबर त्यावरची तारीख खिडकीपासून दूर जाण्याआधी वाचून घ्यावी आणि त्या पानाचे मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवावे. पत्नीच्या पासपोर्टवरचा शिक्का जुन्या एका शिक्क्यावर अर्धा चढला होता आणि महिना नीट वाचता येत नव्हता. विचारल्यावर अधिकारी बाईंनी हसून शेजारच्या कोऱ्या पानावर दुसरा ठळक उमटवून दिला.